दोन राणीबागा

गेल्या शनिवारी चक्क कुठलंही रिलीज नव्हतं. म्हणजे ऑफिसचा फोन येणार नाही याची साधारण सत्तर टक्के खात्री. (उरलेले तीस टक्के क्लायंटच्या हातात!) लेकीने महिनाभर धोशा लावला होता, पेंग्विन बघायचे. ती सात वर्षांची आहे. वर्गातल्या सगळ्यांनी पेंग्विन पाहिलेत आणि आपण बदलापूरला राहतो म्हणून फक्त तिनेच पाहिले नाहीत, असा तिचा आरोप. आता वर्गातली बाकीची मुलं कुठे राहतात, हे मी विचारलं नाही. काही बग डीबग करायचे नसतात, नुसते क्लोज करायचे असतात :-)

उल्हासनगरला माझा कॉलेजपासूनचा एक मित्र राहतो. त्याला फोन केला तर म्हणाला, "मी पण येतो. आणि दादांना आणतो. बरेच दिवस ते घराबाहेर पडलेले नाहीत." दादा म्हणजे त्याचे वडील. वय शहाऐंशी. कॅम्प चारमध्ये कापडाचं दुकान चालवण्यात त्यांची सगळी हयात गेली. मराठी, हिंदी आणि सिंधी एकाच वाक्यात बोलतात आणि तिन्ही भाषांत हिशोबाला पक्के.

आम्ही बदलापूरला बसलो, ते दोघे उल्हासनगरला त्याच डब्यात चढले. लेकीने दादांचा ताबा घेतला.

"आजोबा, तुम्ही राणीबाग पाहिलीये का?"

"हां बेटा. दो-दो."

मला वाटलं, दोनदा पाहिली. दादांनी मान हलवली. "दोन वेळा नाही रे. दोन राणीबाग. एक ही मुंबईची, आणि एक आमच्या हैदराबादची. सिंधमध्ये. माझे वडील मला न्यायचे."

मित्राने माझ्याकडे पाहिलं आणि खिडकीकडे तोंड केलं. डोंबिवली गेल्यावर हळूच म्हणाला, "हल्ली असं होतंय. नावं मिसळतात त्यांची. परवा मला माझ्या काकाच्या नावाने हाक मारली. पुढच्या आठवड्यात डॉक्टरकडे नेतोय."

मी पण मान डोलावली. राणीबाग म्हणजे भायखळ्याची, आम्हा मुंबईकरांची. (बदलापूरचा माणूस कुर्ल्याच्या पुढे गेला की स्वतःला मुंबईकर म्हणवून घेतो, हे जाता जाता.) दुसरी राणीबाग कुठून येणार? म्हातारपणी होतं असं, म्हणून विषय सोडून दिला.

तर मंडळी, हा लेख त्या सोडून दिलेल्या विषयाबद्दल आहे.

*

भायखळ्याला उतरून टॅक्सीने गेटपर्यंत गेलो. गेटवरची पाटी 'वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान' अशी. लेकीने ती मोठ्याने वाचली आणि निष्कर्ष काढला, "म्हणजे जिजाबाई राणी होत्या म्हणून राणीबाग!"

लॉजिक चूक नाही, पण इनपुट वेगळं आहे. ही राणी म्हणजे व्हिक्टोरिया. बागेचं मूळ नाव व्हिक्टोरिया गार्डन्स. लोकांनी त्याची राणीबाग केली. पुढे जिजाबाईंचं नाव दिलं गेलं, तरी टॅक्सीवाल्याला आजही 'राणीबाग' एवढंच सांगावं लागतं.

गंमत म्हणजे ही बाग प्राण्यांसाठी काढलेलीच नव्हती. ती होती झाडांची बाग. आणि भायखळ्याचीही नव्हती! 'अॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' नावाच्या संस्थेची बाग आधी शिवडीला होती. ती जागा स्मशानभूमीसाठी हवी झाली (शिवडीचं ख्रिस्ती स्मशान ते हेच) आणि बागेला बिऱ्हाड हलवावं लागलं. माझगावच्या माउंट इस्टेटवर नवी बाग वसली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी लेडी फ्रिअर यांच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. या बाई म्हणजे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नी. हे आडनाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

काळ मोठा मजेदार होता. १८६१ ला अमेरिकेत यादवी सुरू झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि इंग्लंडच्या गिरण्यांना आपल्या कापसाशिवाय पर्याय उरला नाही. मुंबईत पैसा नुसता वाहत होता. १८६५ ला अमेरिकेतलं युद्ध संपलं आणि शेअर बाजार साफ झोपला. डॉट कॉमचा बुडबुडा ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं समजावून सांगायला नको. अशा दिवसांत ही बाग उभी राहिली. १८७३ मध्ये ती म्युनिसिपालिटीकडे आली आणि १८९० मध्ये प्राण्यांसाठी म्हणून आणखी जमीन जोडली गेली. म्हणजे आपण ज्याला प्राणीसंग्रहालय म्हणतो तो या बागेला नंतर जोडलेला मोड्यूल आहे.

गेटमधून आत शिरलं की शेजारीच संग्रहालयाची देखणी इमारत. पूर्वीचं 'व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम'. त्याची पायाभरणी १८६२ ची, लोकांसाठी उघडलं २ मे १८७२ रोजी. नाना शंकरशेट, डेव्हिड ससून, जॉर्ज बर्डवुड आणि डॉ. भाऊ दाजी लाड ही त्यामागची मंडळी. १९७५ मध्ये त्याला भाऊ दाजींचं नाव दिलं.

इथे मी लेकीला थांबवून लेक्चर दिलं, कारण भाऊ दाजींचं आमच्या अंबरनाथशी नातं आहे. मी लहानाचा मोठा अंबरनाथला झालो. शिवमंदिराच्या दगडांवरून उड्या मारत सुट्ट्या काढल्या, पण तिथे शिलालेख आहे हे मला इंजिनियर होईपर्यंत ठाऊक नव्हतं! मंदिराच्या उत्तरेकडच्या दारावर, आतल्या बाजूला तो कोरलेला आहे. त्याचं पहिलं वाचन प्रसिद्ध केलं ते भाऊ दाजींनी. पेशाने डॉक्टर, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले, आणि दवाखाना सांभाळून जुने लेख वाचत हिंडायचे. त्या पहिल्या वाचनात शक निघाला ७८२. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो लेख पुन्हा तपासला आणि आकडा ९८२ असल्याचं दाखवलं. म्हणजे इसवी सन १०६०. शिलाहार राजा मुम्मुणीचा काळ. एका अंकाचा बग, आणि देऊळ दोनशे वर्षांनी म्हातारं झालेलं! पण पहिलं वाचन कुणीतरी केलं म्हणून दुसऱ्याला ते सुधारता आलं, हेही खरंच.

लेकीचं लक्ष नव्हतं. ती दगडी हत्तीकडे धावली होती.

हा हत्ती घारापुरीचा. पोर्तुगीजांनी त्या बेटाला 'एलिफंटा' नाव दिलं ते याच्यावरून. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला. उचलताना क्रेन तुटली, हत्ती आपटला आणि त्याचे तुकडे झाले. ते तुकडे राणीबागेत आणून ठेवले आणि १९१४ मध्ये पुन्हा जोडले. नीट पाहिलं तर सांधे दिसतात. ज्याच्यावरून बेटाला नाव पडलं तो हत्ती भायखळ्यात, आणि बेट हत्तीशिवाय.

आवारात आणखी एक पाहुणा आहे, काळा घोडा. सातव्या एडवर्डचा घोड्यावर बसलेला पुतळा. फोर्टातल्या चौकातून तो १९६५ मध्ये इथे हलवला. पुतळा गेला, चौकाचं नाव राहिलं. पुढे कित्येक वर्षं लोक घोडा नसलेल्या जागेला काळा घोडा म्हणत राहिले, अखेर २०१७ मध्ये तिथे स्वार नसलेला नवा घोडा बसवला.

दादा एडवर्डकडे बघत म्हणाले, "इसको भी कॅम्प मिला."

मित्र हसला, मीही हसलो. मग जरा वेळाने ते वाक्य पुन्हा आठवलं आणि तेवढं हसू आलं नाही.

*

पेंग्विनकडे रांग होती. ते हम्बोल्ट जातीचे. मूळ घर दक्षिण अमेरिकेचा पश्चिम किनारा, पेरू आणि चिली. पण इथे आलेले आठ पेंग्विन तिथून नाही, दक्षिण कोरियातल्या सोलहून आले, जुलै २०१६ मध्ये. त्यातला एक ऑक्टोबरात दगावला आणि मोठा गदारोळ झाला. मुंबईच्या उकाड्यात हे कशाला, हा प्रश्न तेव्हा सगळ्यांनी विचारला होता. मीही तावातावाने विचारला होता. मार्च २०१७ पासून लोकांना ते बघता येऊ लागले. त्याच वर्षी तिकीट पाच रुपयांवरून थेट पन्नासवर गेलं.

काचेमागे थंडगार पाणी, पाण्यात बाणासारखे सुळकन जाणारे पेंग्विन. लेक नाक काचेला चिकटवून उभी. मग तिने विचारलं, "बाबा, हे परत कधी जाणार?"

"कुठे?"

"त्यांच्या घरी."

माझ्याकडे उत्तर होतं, पण सांगण्यासारखं नव्हतं. म्हटलं, यांची काही पिल्लं इथेच जन्मली. २०२१ मध्ये दोन झाली, ओरिओ आणि ऑस्कर. ती तर मुंबईचीच.

"मग त्यांचं घर कुठलं?"

दादा माझ्या मागे उभे होते. ते तिला म्हणाले, "बेटा, जिथे बापाने हात धरून फिरवलं ते घर." आणि पुढे चालू लागले.

लहानपणी शाळेच्या सहलीबरोबर आलो होतो तेव्हाचं मला आठवतं ते गजांचे पिंजरे आणि त्यात एकाच जागी येरझाऱ्या घालणारं जनावर. आता काच आहे, जागा मोठी आहे, फरक दिसतो. वाघांची जोडी, शक्ती आणि करिश्मा, २०२० मध्ये तेव्हाच्या औरंगाबादच्या सिद्धार्थ उद्यानातून आणली होती. पण काच असो वा गज, आणलेल्याला विचारून आणलेलं नसतं. बायकोचा प्राणीसंग्रहालयांना तत्त्वतः विरोध आहे, म्हणून ती आलीच नाही. तिच्याशी मी वाद घालत नाही. एक तर ती बरोबर असते, आणि दुसरं म्हणजे लेकीला 'नाही' म्हणायचं धैर्य माझ्यात नाही.

*

दादा दमले म्हणून एका मोठ्या झाडाखाली बाकावर बसलो. झाड गोरखचिंचेचं. खोड असं की चार माणसांच्या कवेत मावणार नाही. हे मूळचं आफ्रिकेचं. याच बागेत उर्वशी आहे, ती ब्रह्मदेशची. कैलासपती, नाव ऐकून थेट हिमालयातला वाटतो, पण आलाय दक्षिण अमेरिकेतून. २००७ मध्ये बागेच्या नूतनीकरणाचा कोट्यवधींचा आराखडा आला तेव्हा या झाडांसाठी नागरिक उभे राहिले, पुढे कित्येक वर्षं चिवटपणे भांडले. ज्यांना ही बाग म्हणजे फक्त हत्ती-माकडं वाटते (माझ्यासकट), त्यांना ही मूळची झाडांची बाग आहे याची आठवण त्या लोकांनी करून दिली.

लेक आणि मित्र पाणी आणायला गेले. दादा आपल्याच नादात बोलत होते. त्यांच्या राणीबागेतल्या फाटकाबाहेर भाजलेले शेंगदाणे मिळायचे. वडील एक पुडी घ्यायचे, अर्धी यांना, अर्धी माकडांना. मग १९४७ आलं. घराला कुलूप लावून कराचीला, तिथून बोटीने मुंबई, तिथून कल्याण कॅम्प. किल्ली वडिलांनी बरीच वर्षं जपून ठेवली होती.

मला काय वाटलं कोण जाणे, मी मोबाईल काढला आणि शोधलं. राणीबाग, हैदराबाद, सिंध.

मंडळी, आहे!

सिंधमधल्या हैदराबाद शहरात राणी बाग नावाची जुनी बाग आहे. १८६१ च्या सुमाराची. तीही आधी झाडांचीच बाग, नंतर तिथे प्राणी आले. आणि नाव? तेही व्हिक्टोरिया राणीवरूनच!

मग हळूहळू बाकीचे तुकडे जुळले. सिंध म्हटलं की आपल्याला परका मुलुख वाटतो, पण १८४७ पासून १९३६ पर्यंत सिंध मुंबई इलाख्यातच होता. कराची, हैदराबाद, ठाणे, पुणे, सगळ्यांचा कारभार मुंबईहून चालायचा. आणि ते मघाचं फ्रिअर आडनाव आठवतंय? मुंबईचे गव्हर्नर होण्याआधी बार्टल फ्रिअर १८५० पासून १८५९ पर्यंत सिंधचे कमिशनर होते. कराचीतला फ्रिअर हॉल त्यांच्याच नावाचा. दादा आजही सिंधी वाचतात ती अरबी वळणाच्या लिपीत. ती लिपी १८५३ मध्ये सरकारने ठरवली, म्हणजे तेव्हाही कमिशनर फ्रिअरच. एकच सरकार, एकच राणी, दहा-वीस वर्षांत उभी राहिलेली एकाच साच्यातली शहरं. बाग, घड्याळाचा मनोरा, म्युझियम, मार्केट. कॉपी-पेस्टच म्हणा ना! मग दोन राणीबागा असल्या तर नवल कसलं? नवल हे की मला त्या दोन असू शकतील असं वाटलंच नाही.

मी दादांना स्क्रीन दाखवली. त्यांनी चष्मा वर केला, फोन डोळ्यांजवळ नेला. फोटो हल्लीचे होते. बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "ये तो पहचान में नहीं आता." मग फोन परत देत, "पण नाव तेच आहे ना?"

"तेच आहे दादा."

तेवढ्यात मित्र पाण्याच्या बाटल्या घेऊन आला. मी काही न बोलता त्याच्या हातात फोन दिला. त्याने वाचलं. दोनदा वाचलं असावं. मग वडिलांच्या शेजारी बसला आणि विचारलं, "दादा, तिकडे अजून काय काय होतं?"

चाळीस वर्षांत त्याने हा प्रश्न बहुतेक पहिल्यांदा विचारला असेल. दादा अर्धा तास बोलत होते. सिंधीत. मला एक शब्द कळला नाही आणि कळायची गरजही नव्हती. मी आणि लेक हिप्पो बघून आलो.

*

परतीच्या गाडीत दादा झोपले होते. कल्याण सोडलं आणि मी खिडकीतून बघत बसलो. रोज बघतो तेच. पण त्या दिवशी डोक्यात दुसरं चालू होतं.

उल्हासनगर म्हणजे आमच्या लेखी डुप्लिकेट माल, जीन्स आणि फर्निचर. त्यावरचे विनोद मीही कॉलेजात भरपूर केलेत. मुळात ती दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी. कल्याण कॅम्प. युद्ध संपलं, बराकी रिकाम्या झाल्या, आणि फाळणीनंतर सिंधमधून आलेले साधारण लाखभर लोक तिथे आणून ठेवले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते त्याचं उल्हासनगर झालं. नाव बदललं, पण आजही रिक्षावाला विचारतो, "कोणता कॅम्प?" एक ते पाच. त्या आकड्यांत अजून ती छावणी शिल्लक आहे.

आपण इतिहास शिकतो तो सनावळीचा. अमक्या साली बाग, तमक्या साली म्युझियम. मीही वर त्याच सनावळ्या दिल्यात. पण राणीबागेत त्या दिवशी जे जे पाहिलं ते सगळं कुठून तरी हलवून आणलेलं होतं. बाग शिवडीची, हत्ती घारापुरीचा, घोडा फोर्टातला, गोरखचिंच आफ्रिकेची, पेंग्विन सोलचे. आणि ते बघायला आलेले आम्ही! त्यातला एक माणूस हैदराबादचा. बाकी सगळ्यांच्या पुढे पाटी आहे, नाव, मूळ स्थान, सगळं लिहिलेलं. ऐंशी वर्षं आमच्याच रेल्वेलाइनवर राहिलेल्या माणसाच्या पुढे मात्र पाटी नव्हती. आणि तो स्वतःहून सांगत होता तेव्हा आम्ही दोन शिकलेल्या इंजिनियरांनी त्याला डॉक्टरकडे न्यायचं ठरवलं होतं.

डॉक्टरकडे ते गेलेच, कारण काकाच्या नावाची भानगड खरीच होती. थोडा विसर आहे, वयाप्रमाणे, गोळ्या दिल्यात. पण मित्र हल्ली रोज रात्री त्यांच्याजवळ बसतो आणि ते सांगतील ते फोनवर रेकॉर्ड करतो. मला म्हणाला, "चुकीचं सांगत असतील तरी करतो. नंतर तपासता येईल." मला भाऊ दाजींचा शके ७८२ आठवला.

असो. बरंच लांबलं. राणीबागेत जाणार असाल तर बुधवार टाळा, बंद असते. प्राण्यांइतकाच वेळ झाडांना द्या आणि म्युझियम चुकवू नका. आणि घरात कुणी ऐंशीच्या पुढचं माणूस असेल तर त्यांना बरोबर न्या.

पुढच्या शनिवारी लेकीला अंबरनाथच्या देवळात शिलालेख दाखवायला नेतोय. दादा म्हणालेत, मी पण येतो. रिलीज नसलं म्हणजे मिळवली!